संतकवी दासगणू आणि बोलण्याची विद्या



वारीच्या दिवसांत नव्याने कीर्तनाला उभी राहणारी पोरे आमच्याकडे येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, की बोलायला शिकावे कसे? कोणाचे पाठांतर भरपूर असते, पण वीणेकऱ्याच्या पुढे उभे राहिले की पाय कापतात. कोणाचा आवाज गोड असतो, पण दोन प्रमाणे दिली की पुढे काय सांगावे हे सुचत नाही. या प्रश्नाला कोरडे उत्तर देण्यापेक्षा एका पुरुषाचे चरित्र सांगावे, असे आमच्या मनात फार दिवस होते. तो पुरुष म्हणजे शेगावच्या गजानन महाराजांचे चरित्र ओवीत लिहिणारे संतकवी दासगणू महाराज.

शेगावी जाणारास त्यांचे नाव नवे नाही. समाधीचे दर्शन घेऊन मंडळी पारायणाला बसतात. त्यांत कोणी शिकलेला असतो, कोणी बोट ठेवून एकेक अक्षर लावणारा असतो, तरी पोथी दोघांनाही सारखीच कळते. इतके सोपे लिहिणे आणि बोलणे या माणसाला साधले कसे?

दासगणूंचे मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म नगर जिल्ह्यातील अकोळनेर येथे 1868 साली झाला. शाळेचे शिक्षण बेताचेच. पण यमक जुळविण्याची देणगी अशी, की शब्द जणू हात जोडून उभे असत. ही देणगी प्रथम कुठे खर्ची पडली म्हणाल, तर लावण्यांत! तमाशाचा नाद, उभ्याउभ्या कवने करण्याची हौस आणि पोटासाठी पोलिसाची शिपाईगिरी, असा त्यांचा तरुणपणीचा संसार होता. अहो, लोकांना हसवावे, डोलवावे, मुठीत ठेवावे ही विद्या त्यांना तेव्हाच येत होती. नुसत्या सभारंजनालाच वक्तृत्व म्हणायचे, तर त्यांचे शिक्षण तिथेच पुरे झाले होते. पण त्या बोलण्याने ऐकणाराचे काही भले होत नव्हते, आणि बोलणाराचे तर मुळीच नाही.

नानासाहेब चांदोरकर हे सरकारी अधिकारी साईबाबांचे भक्त. त्यांच्याबरोबर शिपाई म्हणून गणपतराव शिर्डीस गेले. बाबांनी नोकरी सोडण्यास सांगितले. पण फौजदारकीची आशा सुटेना, म्हणून आज सोडतो, उद्या सोडतो असे चालले. अशातच कान्हा भिल्ल नावाच्या दरोडेखोराला धरण्याच्या कामगिरीवर त्यांची नेमणूक झाली. ते रामदासी बनले आणि रामाच्या देवळात जाऊन राहिले. भगवी कफनी घालून मुखाने रामनाम घ्यायचे आणि डोळ्याने चोर शोधायचा! कान्ह्याने हे सोंग ओळखले. तेव्हा गणपतरावांनी रामरायाचे पाय घट्ट धरले आणि ते प्राणावरच्या संकटातून वाचले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. देवाचे नाव सोंग म्हणून घेतले आणि तेच खरोखर घेण्याची वेळ आली. पुढे काही काळाने नोकरी सुटली आणि दासगणू नांदेडास राहावयास गेले. तिथून त्यांचा उरलेला सगळा जन्म संतांची चरित्रे लिहिण्यात आणि गाण्यात गेला.

आता खऱ्या शिक्षणाची गोष्ट ऐका. दासगणू कीर्तन करीत ते नारदीय पद्धतीचे. आपल्या वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन त्याचेच चरण उलगडत जावयाचे, मागे टाळकरी, शेजारी मृदंग, आणि आधाराला संतवचनांची प्रमाणे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगी एखाद्या पदाचे निरूपण आणि उत्तररंगी त्याच सिद्धांताला धरून आख्यान. पोशाखाचाही थाट असे. एकदा शिर्डी गावातच कीर्तन होते. अंगरखा, उपरणे, फेटा असा साज करून दासगणू निघाले आणि जाता जाता बाबांच्या पाया पडावयास गेले. बाबांनी नवरदेवासारखे सजून कुठे निघाला म्हणून विचारले. कीर्तनाला, असे कळल्यावर त्यासाठी हे सारे कशाला, असे म्हणून सगळे तिथल्या तिथे उतरावयास लावले. त्या दिवसापासून दासगणू उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या घेऊन कीर्तनास उभे राहू लागले. जन्मभर तीच रीत राहिली. पूर्वी सरकारच्या कामासाठी त्यांनी साधूचा वेष चढविला होता, आणि आता देवाच्या कामासाठी वेषच उतरला. आमच्या मते बोलण्याच्या विद्येचा हा पहिला धडा. आधी मी कसा दिसतो हे विसरले पाहिजे. पाय कापतात ते विषयाच्या भीतीने नव्हे, आपल्या दिसण्याच्या काळजीने.

दुसरा धडा त्यांनी एका मोलकरणीच्या पोरीकडून घेतला. ईशावास्य उपनिषदावर मराठी ओवीत टीका लिहावयास ते बसले. शब्दांचा अर्थ लागला, लिहूनही झाले, पण मनाचे समाधान होईना. विद्वानांकडे विचारून झाले. बाबांना विचारले, तेव्हा पार्ल्यास काकासाहेब दीक्षितांच्या घरची मोलकरीण हे कोडे सोडवील, असे उत्तर मिळाले. दासगणू पार्ल्यास गेले. सकाळी कानावर गाणे आले. भांडी घासणारी एक लहान पोर अंगावर फाटके असताना कुणाच्या तरी नारिंगी लुगड्याचे गोडवे गात होती. दासगणूंच्या सांगण्यावरून तिला नवे लुगडे मिळाले. एक दिवस ते नेसून ती नाचली, फुगडी खेळली. दुसऱ्या दिवशी नवे पेटीत ठेवून पुन्हा तेच फाटके नेसून आली, आणि आनंद मात्र तसाच! त्यागून भोगणे म्हणजे काय, हे दासगणूंना तिथे उमगले. पोथीतला अर्थ जगण्यात दिसल्यावाचून तो दुसऱ्याला सांगता येत नाही. म्हणून आमचे सांगणे असे, की दृष्टांत जुन्या वहीतून उतरून घेऊ नका. आपल्या शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात डोळे उघडे ठेवून पाहा.

अशा बोलण्याचे फळ काय मिळते, तेही सांगतो. ठाण्यास कौपीनेश्वराच्या देवळात त्यांचे कीर्तन झाले. ऐकणाऱ्यांत चोळकर नावाचे एक गरीब कारकून होते. नोकरी कच्ची, घरी खाणारी तोंडे पुष्कळ. त्यांनी तिथेच मनोमन नवस केला, आणि शिर्डीस जाणे घडेपर्यंत साखर सोडून कोरा चहा पिऊन पैसा साठविला. कीर्तनाला किती माणूस जमले होते हे आज कोणाच्या ध्यानात नाही. त्या एका माणसाने साखर सोडली, हे मात्र लोक अजून सांगतात.

आता शेगावाकडे वळू. गजानन महाराजांनी 1910 साली ऋषिपंचमीस समाधी घेतली. पुढे अठ्ठावीस वर्षांनी शेगावचे रामचंद्र कृष्णाजी पाटील यांनी पंढरीस येऊन दासगणूंना चरित्र लिहिण्याचा आग्रह केला. दासगणू तेव्हा सत्तरीत पोचले होते. भक्तिलीलामृतासारखे संतचरित्रांचे ग्रंथ होऊन गेले होते, लोक त्यांना आधुनिक महिपती म्हणत होते. तरी या वयात त्यांनी पुन्हा लेखणी धरली, आणि शके 1861 च्या वर्षप्रतिपदेस, म्हणजे 1939 सालच्या गुढीपाडव्याला, श्रीगजाननविजय ग्रंथाचे एकवीस अध्याय शेगावातच पुरे झाले.

या ग्रंथाच्या आरंभीच्या भागात एका कीर्तनाचा प्रसंग आहे. होतकरू कीर्तनकाराने तो पुन्हा पुन्हा वाचावा. शेगावच्या महादेवाच्या देवळात गोविंदबुवा टाकळीकरांचे कीर्तन लागले होते. बुवांनी पूर्वरंगाला भागवताच्या एकादश स्कंधातला श्लोक घेतला. त्याचा पूर्वार्ध ते बोलले, तोच बाहेर बसलेल्या महाराजांनी उत्तरार्ध म्हटला. बुवा चकित झाले. स्वतः बाहेर येऊन त्यांनी हात जोडले आणि आत चलावे म्हणून विनविले. तेव्हा महाराजांनी त्यांना बोलण्यात मेळ ठेवावयास सांगितले. ईश्वर सर्वत्र भरला आहे असे नुकतेच आत सांगितले, मग आत आणि बाहेर हा भेद कसला? जे दुसऱ्यास शिकवावे ते आधी आपण आचरावे. कीर्तन पोटासाठी करू नये. जा, कीर्तन पुरे करा, मी येथूनच ऐकतो.

आम्हांस वाटते, हा प्रसंग लिहिताना दासगणूंना आपला उतरलेला अंगरखा आठवला असेल. बुवांचे पाठांतर चोख होते, निरूपण सरस होते, चूक राहिली ती देवळाच्या उंबरठ्यावर. बोललेले आणि वागलेले यांची जिथे गाठ पडत नाही, तिथेच श्रोता निसटतो. दासगणूंनी स्वतः कीर्तनाचे मोल घेतले नाही, हे या ठिकाणी ध्यानात ठेवावे.

त्याच ग्रंथात अकोल्याच्या 1908 सालच्या शिवजयंतीची सभा आहे. त्या सभेत लोकमान्य टिळक बोलले, आणि व्यासपीठावर गजानन महाराज बसले होते. महाराष्ट्रातला मोठा वक्ता बोलतो आहे आणि साधू ऐकतो आहे. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावे लागले. लिहिलेल्या शब्दाची किंमत त्यांनी अंगावर भरली.

दासगणू महाराजांनी 26 नोव्हेंबर 1962 रोजी पंढरपुरी देह ठेवला. त्यांची समाधी नांदेड जिल्ह्यात गोरटे येथे आहे. लावणीने ज्याच्या जिभेला वळण लावले, त्याची ओवी आज घरोघर वाचली जाते.

तेव्हा बाळांनो, पाठांतर करा, ते सोडून चालत नाही. रोज मोठ्याने म्हणा म्हणजे आवाज बसेल. एका अभंगाला धरून राहा, दहा ठिकाणी धावू नका. दृष्टांत आपल्या डोळ्यांनी पाहिलेला द्या. म्हातारीला कळेल अशी भाषा ठेवा. आणि कीर्तनाला उभे राहण्याआधी, आज जे सांगणार त्यातले आपण काय पाळतो, हे एकदा मनाशी विचारा. काहीच पाळत नसाल तर निदान त्या दिवसापासून एक गोष्ट पाळावयास लागा. मग पाय कापले तरी हरकत नाही. विठोबा सांभाळून घेईल.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!