सार्वजनिक तिजोरीचे जागल्या : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

महाडचे चवदार तळे, विश्रांतवाडीशेजारच्या येरवडा कारागृहात झालेला १९३२ चा पुणे करार आणि नागपूरची धम्मदीक्षा या घटना आपल्या घराघरांत सांगितल्या जातात. सरकारी पैशाचा हिशेब मागणारे बाबासाहेब मात्र आपल्या मुलांना क्वचितच भेटतात.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. म्हणजे सार्वजनिक पैशाचे मोल त्यांनी प्रथम विद्यार्थी म्हणून जाणले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळाली. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यकर्ते लोकांना उत्तरदायी नसतील तर कराचा पैसा लोककल्याणाकडे वळत नाही, हे त्या अभ्यासाचे सार होय.

१९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात येताच त्यांनी अर्थसंकल्पाची चिकित्सा आरंभिली. ठरावीक मर्यादेखालील उत्पन्नाला प्राप्तिकर माफ असताना गरीब शेतकऱ्याला शेतसारा का माफ नाही, असे त्यांनी विचारले. सरकार दारूवरील करातून दरडोई जेवढे मिळवते, त्याहून कमी दरडोई शिक्षणावर खर्च करते, हेही त्यांनी आकड्यांनिशी दाखविले.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे श्रमखाते होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्यात येत. आता प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरे द्यावी लागणार होती. १९४३ च्या डिसेंबरमध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत उतरले. पुढील वर्षी खाण कामगार कल्याण निधी उभा राहिला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि त्यातून कामगारांची घरे, पाणी, आरोग्य व शिक्षण यांची सोय करायची, अशी ही योजना होती. सल्लागार समितीत कामगारांचे प्रतिनिधीही होते. ज्याच्या घामातून ऊर्जा निघते, त्याचा तिच्या पैशावर हक्क आहे, हे तत्त्व त्यात होते. मुबलक आणि स्वस्त विजेवाचून दारिद्र्य हटणार नाही, या विचाराने त्यांनी १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाच्या स्थापनेस चालना दिली. दामोदर खोऱ्यातील पूरनियंत्रण, सिंचन व वीज यांच्या एकत्रित योजनेचा पायाही त्यांच्याच कारकिर्दीत घातला गेला.

मसुदा समितीच्या अध्यक्षपदी असताना त्यांनी ही शिस्त राज्यघटनेत दृढ केली. कायद्यावाचून कर नाही (अनुच्छेद २६५), लोकसभेच्या मंजुरीवाचून खर्चाची मागणी पुरी होत नाही (अनुच्छेद ११३), आणि झालेल्या खर्चाची तपासणी स्वतंत्र नियंत्रक व महालेखापरीक्षक करतो (अनुच्छेद १४८ ते १५१). या अधिकाऱ्याचे स्थान न्यायसंस्थेहूनही मोलाचे आहे, असे मत त्यांनी १९४९ मध्ये संविधान सभेत मांडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज देश कोळशाकडून सौरऊर्जेकडे निघाला आहे आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा ओतला जात आहे. चंद्रपूर, कोराडीच्या औष्णिक केंद्रांतील कंत्राटी मजुराच्या वाट्याला त्यातले काय येणार? शिष्यवृत्ती आणि वसतिगृहांसाठी मंजूर झालेला निधी वेळेवर खर्च होतो का? हे प्रश्न विधिमंडळात आणि संसदेत विचारले गेले पाहिजेत. ते विचारतील असे प्रतिनिधी निवडणे व त्यांना आकडे पुरविणे हे शिकलेल्या पिढीचे काम आहे. या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने दरवर्षी अर्थसंकल्पातील सामाजिक न्याय विभागाची पाने तरी वाचावीत. बाबासाहेबांच्या अभ्यासिकेतील दिवा तेवता ठेवण्याचा हा साधा मार्ग आहे.

जय भीम!