फुटबॉलचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम



आपल्या कर्जत तालुक्यात मैदान म्हटले की कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि क्रिकेट. फुटबॉल आपल्याकडे फारसा रुजला नाही. तरीही या स्मरणिकेसाठी मी एका फुटबॉल शिक्षकाचे चरित्र निवडले आहे. त्याचे कारण आपल्या कबड्डीतच आहे. चढाई करून परत आलेला गडी लगेच साखळीत हात धरून उभा राहतो. तू चढाईचा की पकडीचा, असे त्याला कोणी विचारत नाही. फुटबॉलमध्ये मात्र गोल करणारे पुढे आणि गोल वाचवणारे मागे अशी वाटणी ठरलेली असते. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत ही वाटणी हैदराबादच्या एका शाळामास्तरांनी मोडली आणि भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला. तुमच्यापैकी काहींनी तो पाहिलाही असेल. पण चित्रपटाला नाट्य हवे असते, त्यामुळे मास्तरकीचा भाग त्यात थोडा मागे पडतो. मला सांगायचे आहे ते मुख्यतः त्या मास्तरकीबद्दल.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. हैदराबाद म्हणजे कुठले तरी दूरचे शहर असे समजू नका. मिरजगावच्या पलीकडे आष्टी तालुका लागतो. तो १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या माणसाची राजधानी हैदराबादच होती. त्या शहरात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा मोठा प्रयोग तिथे झाला. रहीम याच विद्यापीठात शिकले आणि विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले. पुढे कमर क्लब या स्थानिक संघातही ते खेळत.

पोटापाण्यासाठी त्यांनी शिक्षकी पेशा धरला. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी नोकरी केली. मध्यंतरी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. पालकहो, आपल्याकडे पी. टी.च्या सरांना जरा खालच्या पाटावर बसवण्याची पद्धत आहे. गणिताच्या सरांना भेटायला पालक येतात, पी. टी.च्या सरांना शोधत कोणी येत नाही. भारताच्या फुटबॉलचा सर्वांत मोठा प्रशिक्षक त्या पाटावरूनच उठून आला, हे ध्यानात असू द्या.

१९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. त्यानंतर काय झाले ते आपल्या मुंबईने डोळ्यांनी पाहिले. कूपरेज मैदानावर तेव्हा होणारी रोव्हर्स चषक स्पर्धा ही १८९१ पासूनची, देशातील जुन्या आणि मानाच्या स्पर्धांपैकी एक होती. या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो चषक मुंबईतून हैदराबादला नेला.

हे साधले कसे? इथे मला थोडे थांबायचे आहे. रहीमसाहेबांनी हैदराबादच्या मुलांसाठी काही विचित्र वाटाव्यात अशा स्पर्धा सुरू केल्या. एका स्पर्धेत चेंडू पायाशी घोळवत न्यायला बंदी होती. आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. जो मुलगा एकट्याने चार जणांना चकवून टाळ्या घ्यायचा त्याची इथे पंचाईत व्हायची, आणि मोकळी जागा हेरून धावणारा शांत मुलगा अचानक संघाचा आधार बनायचा. दुसरी स्पर्धा तर आणखी नवलाची. तिच्यात फक्त कमजोर पायाने खेळायचे! ज्याचा उजवा पाय चांगला त्याने डाव्यानेच चेंडू मारायचा आणि डावखुऱ्याने उजव्याने. पहिल्या दिवशी चेंडू भलतीकडेच गेले असतील आणि बघ्यांची करमणूक झाली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पण असा सराव करणारा खेळाडू पुढे कुठल्याही बाजूला उभा केला तरी बावचळत नाही.

वर्गात आपण नेमके उलटे करतो, असे मला वाटते. ज्या मुलाचे पाठांतर चांगले त्याला वक्तृत्वाला उभे करतो, ज्याचे अक्षर सुंदर त्याला फळा लिहायला देतो, आणि जे येत नाही ते त्याच्या वाट्याला येऊच नये याची काळजी घेतो. घरीही तेच. थोरला अभ्यासाचा, धाकटा दुकानाचा, मुलगी स्वयंपाकाची. दहाव्या वर्षी ठरवून मोकळे. रहीमसाहेबांच्या त्या कमजोर पायाच्या सामन्यांचे महत्त्व म्हणूनच मला कोणत्याही चषकापेक्षा जास्त वाटते.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांना १९५१ साली पहिल्याच आशियाई स्पर्धेत यश आले. दिल्लीतील अंतिम सामन्यात भारताने इराणला १–० असे हरवले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडवला. आपले बरेचसे खेळाडू त्या थंड प्रदेशात अनवाणी खेळत होते. त्यानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. आज कर्जतच्या बाजारातही खेळाचे बूट मिळतात, पण देशाच्या संघाच्या पायात बूट यायला दहा गोल खावे लागले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

१९५६ साली मेलबर्नला चित्र बदलले होते. नेव्हिल डिसूझा या मुंबईत खेळणाऱ्या गोमंतकीय खेळाडूने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारा तो पहिला आशियाई. भारताने तो सामना ४–२ असा जिंकला आणि स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आपण बलाढ्य हंगेरीकडून अवघ्या एका गोलने हरलो आणि फ्रान्सशी बरोबरी केली. रोमला गेलेल्या चमूत रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही होता, पण त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. प्रशिक्षक वडील आणि बाकावर बसलेला मुलगा! त्या मुलाने पुढे आंतरराष्ट्रीय पंच म्हणून नाव कमावले. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

आता जकार्ता. १९६२ च्या त्या स्पर्धेची सुरुवातच वाईट झाली. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २–० असे हरवले. थायलंडविरुद्ध आपण ४–१ असे जिंकलो, पण त्या सामन्यात मागच्या फळीचा आधारस्तंभ जर्नेल सिंग याच्या डोक्याला मोठी जखम झाली आणि टाके घालावे लागले. त्याच्याशिवाय जपानला २–० असे हरवून संघ उपांत्य फेरीत पोचला. रहीमसाहेबांची स्वतःची प्रकृतीही तेव्हा खालावत चालली होती. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग होता.

अशा वेळी सरळ हिशेब असा की जखमी खेळाडूला विश्रांती द्यावी, किंवा खेळवायचेच तर त्याच्या नेहमीच्या जागी खेळवावे. रहीमसाहेबांनी यापैकी काहीच केले नाही. त्यांनी डोक्याला टाके असलेल्या या बचावपटूला थेट आघाडीवर पाठवले! मागची बाजू अरुण घोष, चंद्रशेखर आणि त्रिलोक सिंग यांच्यावर सोपवली. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध आपण ३–२ असे जिंकलो. दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामींचे, एक जर्नेल सिंगचा. (हे चुनी गोस्वामीही दोन मैदानांचे गडी. पुढे १९७१–७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालच्या क्रिकेट संघाचे कर्णधार तेच होते.)

या डावामागचा विचार पाहा. जो माणूस वर्षानुवर्षे आघाडीच्या खेळाडूंना अडवत आला, त्याला त्यांच्या सगळ्या खोड्या ठाऊक असतात. बचाव कुठे गडबडतो, हे बचाव करणाऱ्याइतके कोणाला कळणार? अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो वेगळाच, हाताने चेंडू धरून पळण्याचा खेळ आहे, त्यातही पूर्वी तेच अकरा जण चढाई आणि बचाव दोन्ही करत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले आणि हळूहळू चढाईचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा अशी विभागणी झाली. आपल्या फुटबॉलमध्ये १९७४ च्या विश्वचषकात हॉलंडच्या संघाने सर्वांनी सर्व जागा सांभाळण्याचा खेळ दाखवला तेव्हा जग चकित झाले. त्याच्या १२ वर्षे आधी हैदराबादच्या मास्तरांनी आपला बचावपटू पुढे धाडला होता. दोन्ही गोष्टी एकच नव्हेत, हे मान्य. तरी जात एकच आहे.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी, पुन्हा दक्षिण कोरियाशीच. मैदानात सुमारे एक लाख प्रेक्षक आणि जवळजवळ सगळे भारताच्या विरोधात. कारण खेळाचे नव्हते. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही, म्हणून भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर टीका केली होती. त्याचा राग इतका की जमावाने आपल्या वकिलातीवर हल्ला केला, आणि सामन्यापूर्वी आपल्या राष्ट्रगीताच्या वेळी हुर्यो उडवली गेली. त्या गर्दीत आपल्या बाजूने ओरडणारे थोडेच होते. त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू होते, असे आपल्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितले.

आदल्या दिवशी रहीमसाहेबांनी मुलांना जमवून फार लांबलचक व्याख्यान दिले नाही. आपल्याला उद्या एक भेट हवी आहे आणि ती भेट म्हणजे सुवर्णपदक, एवढेच त्यांनी मागितले.

१७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी दुसरा झाला, तो जर्नेल सिंगचा. डोक्याच्या टाक्यांची पर्वा न करता तो बचावपटू कोरियाच्या गोलपर्यंत पोचला होता. मधल्या फळीत गोव्याचा फॉर्चुनाटो फ्रँको झुंजत होता आणि गोलमध्ये पीटर थंगराज उभा होता. हैदराबादचा युसूफ खान, जो गरजेप्रमाणे मधल्या फळीतही खेळे आणि आघाडीलाही, तो त्या दिवशी पुढे होता. बदली खेळाडू उतरवण्याची आजच्यासारखी मुभा तेव्हा नव्हती, त्यामुळे लागले-खुपले तरी त्याच अकरा जणांनी निभावून न्यायचे. शेवटच्या काही मिनिटांत कोरियाने एक गोल फेडला, पण सामना २–१ असा आपण जिंकला. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर आजवर मिळालेले नाही.

रहीमसाहेब हैदराबादला परतले. आजार बळावत गेला आणि ११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू व्हायला तेव्हा २२ वर्षे बाकी होती.

जर्नेल सिंगला १९६४ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे तो देशाचा कर्णधारही झाला. तोवर तो आपल्या जुन्या जागी, मागच्या फळीत, परत आला होता.