गुंगीला घड्याळ लावणारा डॉक्टर

मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकांत एमिल क्रेपेलिन यांचे नाव येते ते मनोविकारांच्या वर्गीकरणासाठी. आज स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आजारांमधली सीमारेषा त्यांनी आखली. विस्मृतीच्या एका आजाराला आपले सहकारी अल्झायमर यांचे नाव दिले तेही त्यांनीच. या कीर्तीमागे त्यांचे एक महत्त्वाचे काम झाकले गेले. झोपेची, गुंगीची औषधे आणि दारू यांचा माणसाच्या विचारांवर आणि हालचालींवर काय परिणाम होतो, हे त्यांनी घड्याळ लावून मोजले.

क्रेपेलिन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८५६ रोजी उत्तर जर्मनीतल्या नॉयस्ट्रेलिट्झ या गावी झाला. वैद्यकीचे शिक्षण आणि म्युनिकच्या मनोरुग्णालयातली नोकरी झाल्यावर १८८२ मध्ये ते लाइपझिगला गेले. विल्हेल्म वुंट यांची मानसशास्त्राची प्रयोगशाळा तिथे होती आणि क्रेपेलिन यांची खरी ओढ तिकडेच होती. पोटापाण्यासाठी धरलेली रुग्णालयातली नोकरी वरिष्ठांशी न पटल्याने काही महिन्यांतच गेली. तरीही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही.

त्या काळात गुंगीची औषधे नुकतीच हाताशी आली होती. क्लोरल हायड्रेट १८६९ पासून झोपेसाठी दिले जात होते, तर पॅराल्डिहाइड अगदी नवे होते. औषध लागू पडले की नाही, हे डॉक्टर रुग्णाकडे पाहून ठरवत. वुंट यांच्याकडे मात्र सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारे यंत्र होते. क्रेपेलिन यांनी ते या कामी लावले.

प्रयोग दिसायला साधे होते. खूण मिळताच बटण दाबायचे, ही पहिली पायरी. दुसरी पायरी निवडीची: एका खुणेला उजवा हात, दुसरीला डावा. याशिवाय एका शब्दावरून सुचणारा दुसरा शब्द सांगायचा, एकआकडी संख्यांची सलग बेरीज करत राहायची. आधी काही न घेता आणि मग दारू, क्लोरल, पॅराल्डिहाइड, मॉर्फिन किंवा चहा घेऊन हेच पुन्हा करायचे. प्रयोगाला बसणारी माणसे मोजकीच असत आणि त्यांत क्रेपेलिन स्वतःही असत.

१८८६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते डोर्पाट (आजचे एस्टोनियातले टार्टू) येथे प्राध्यापक झाले. तिथल्या अनेक रुग्णांची भाषा त्यांना येत नसे, दुभाष्याची मदत घ्यावी लागे. प्रयोग मात्र चालूच राहिले. पुढे हायडेलबर्गला गेल्यावर १८९२ मध्ये त्यांनी हे सारे निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले आणि या अभ्यासाला ‘औषध-मानसशास्त्र’ असे नाव दिले.

दारूबद्दलचा निष्कर्ष सर्वांत बोलका होता. थोड्या मात्रेनंतर हात काही काळ झटपट चालत. पण समजून घेणे आणि विचार जुळवणे सुरुवातीपासूनच मंदावे. निवडीच्या प्रयोगात तर निर्णय पक्का होण्याआधीच बटण दाबले जाई आणि चुका वाढत. ज्याचा हात असा सुटलेला असे, त्याला आपले काम उत्तम चालले आहे असेच वाटे. घड्याळ वेगळे सांगत होते.

या निष्कर्षाने क्रेपेलिन यांचे स्वतःचे आयुष्यही बदलले. त्यांनी दारू पूर्ण सोडली. १९०३ मध्ये ते म्युनिकला आले. बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात दारूविरुद्ध बोलणाऱ्या प्राध्यापकाची थट्टा होणारच. त्यांच्या रुग्णालयात मिळणाऱ्या लिंबूपाण्याला लोकांनी गमतीने ‘क्रेपेलिन शॅम्पेन’ म्हणायला सुरुवात केली. ते मागे हटले नाहीत.

त्यांच्या कामात उणिवाही होत्या. आपण काय घेतले आहे हे प्रयोगाला बसणाऱ्याला ठाऊक असे. त्यांच्याकडे काम केलेले इंग्रज डॉक्टर रिव्हर्स यांनी पुढे चवीवरून ओळखू न येणारी मिश्रणे वापरून ही त्रुटी दूर करण्याचा प्रयत्न केला. वंशाच्या ऱ्हासाबद्दलची क्रेपेलिन यांची मते तर आज कोणीच स्वीकारणार नाही. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले.

खूण, निवड आणि घड्याळ ही त्यांची पद्धत मात्र टिकली. गुंगी आणणाऱ्या औषधांची आजही अशाच चाचण्यांनी पारख होते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची स्त्रियांसाठीची शिफारस केलेली मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली. रात्री घेतलेल्या गोळीचा अंश सकाळीही रक्तात उरतो आणि पूर्ण जाग आल्यासारखे वाटत असूनही गाडी चालवण्याची क्षमता घटलेली असू शकते, हे त्यामागचे कारण होते.

झोपेच्या गोळ्यांप्रमाणेच सर्दी-अ‍ॅलर्जीची काही औषधेही गुंगी आणतात. त्यात दारूची भर पडली तर धोका कैकपटींनी वाढतो. अशा औषधानंतर गाडी किंवा यंत्र कधी चालवावे, हे डॉक्टरांना विचारावे. नियमित चालू असलेली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नये. ‘मला काही होत नाही’ हा भरवसा गुंगीतल्या माणसाने स्वतःवर ठेवू नये, हे क्रेपेलिन यांच्या घड्याळाने सव्वाशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.