शेतकरी उपदेशक विल्यम मिलर

प्रभु येशू ख्रिस्त पुन्हां येणार आणि जगाचा न्याय करणार, ही आशा ख्रिस्ती मंडळीनें आरंभापासून उराशीं बाळगिली आहे. परंतु तो दिवस कोणता हें गणितानें ठरवूं गेल्यास काय होतें, हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील विल्यम मिलर ह्यांचें चरित्र वाचावें. तें आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

मिलर ह्यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील पिट्सफील्ड येथें ता. १५ फेब्रुवारी १७८२ रोजीं झाला. सोळा भावंडांत ते वडील. ते चार वर्षांचे असतां कुटुंब न्यूयॉर्क प्रांतांतील लो हॅम्प्टन ह्या खेड्यांत शेती करण्यास गेलें. शाळा फार थोडी घडली. पण वाचनाची गोडी अशी कीं, घरचीं माणसें निजल्यावर हा मुलगा लांकडाच्या राळट ढलप्या पेटवून त्यांच्या उजेडांत वाचीत बसे.

तरुणपणीं बुद्धिवादी ग्रंथ वाचून त्यांचा बायबलावरील विश्वास उडाला. ईश्वर आहे खरा, पण तो मनुष्याच्या व्यवहारांत लक्ष घालीत नाहीं, असें त्यांचें मत बनलें. पुढें इंग्लंडशीं युद्ध जुंपलें. सप्टेंबर १८१४ मध्यें प्लॅट्सबर्गच्या लढाईंत कॅप्टन मिलर हजर होते. शत्रूचें सैन्य कितीतरी मोठें असूनहि अमेरिकनांस जय मिळाला. ह्यांत ईश्वराचा हात असावा, असें त्यांस वाटूं लागलें. मरणानंतर काय, हा प्रश्नहि त्यांस सोडीना. अखेर १८१६ सालीं ते ख्रिस्ताला शरण गेले.

जुने मित्र थट्टा करूं लागले. तेव्हां बायबल व त्याची शब्दसूची एवढींच साधनें घेऊन मिलर एकेक वचन क्रमानें अभ्यासूं लागले. दानीएलाच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायांत, तेवीसशें दिवसांनंतर पवित्रस्थानाची शुद्धि होईल, असा आशय आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष, आणि गणनेचा आरंभ इसवी सनापूर्वीं ४५७ ह्या वर्षीं, असें त्यांनीं धरिलें. २३०० मधून ४५७ वजा केले. उत्तर आलें १८४३. शुद्धि म्हणजे प्रभूचें आगमन, असा त्यांनीं अर्थ लाविला.

हा निष्कर्ष १८१८ सालीं निघाला. पण तेरा वर्षें त्यांनीं जाहीर व्याख्यान दिलें नाहीं. चुकलों तर लोक फसतील ही एक धास्ती; खरें असून गप्प राहिलों तर त्यांच्या नाशाचा दोष आपल्या माथीं, ही दुसरी. ऑगस्ट १८३१ मध्यें, कोणी आपण होऊन बोलाविलें तरच जाईन, असें त्यांनीं देवाला वचन दिलें. अर्ध्या तासाच्या आंत त्यांचा भाचा ड्रेस्डन गांवचें आमंत्रण घेऊन दारांत उभा राहिला!

१८४० पासून बोस्टनचे उपदेशक जोशुआ हाइम्स ह्यांनीं वर्तमानपत्रें काढून व मोठा तंबू उभारून हा संदेश दूरवर पोंचविला. हजारों लोक अनुयायी झाले. ता. २१ मार्च १८४४ पर्यंतची मुदत टळली, तेव्हां मिलर ह्यांनीं चूक मान्य केली. परंतु इसवी सनांत शून्य वर्ष नसल्यानें हिशेब एक वर्ष पुढें सरकतो, हें ध्यानांत आलें होतें. आणि सॅम्युएल स्नो ह्यांनीं २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पुढें मांडली. मिलर आरंभीं साशंक होते; शेवटच्या कांहीं दिवसांत तेहि तयार झाले.

कोणी दुकान बंद केलें, कोणी शेतांतले बटाटे न काढतां तसेच राहूं दिले. लोक पांढरे झगे घालून बसले होते, ही प्रसिद्ध आख्यायिका मात्र भक्कम पुराव्यावांचून आहे. रात्र सरली, उजाडलें, आणि जग होतें तसेंच होतें. कित्येक दिवसभर रडले. बाहेर टवाळीला तर ऊत आला.

१८४५ सालीं गांवच्या बॅप्टिस्ट मंडळीनें मिलर ह्यांस वगळलें. त्याच वर्षीं त्यांनीं पुस्तिका छापून आपली कालगणना चुकली असें उघड कबूल केलें. दोष दुसऱ्यावर लोटला नाहीं, आणि प्रभु येणार हा विश्वासहि सोडिला नाहीं. १८४८ सालीं त्यांनीं घराजवळ लहानसें प्रार्थनामंदिर बांधविलें. दृष्टि अधू झाली होती. ता. २० डिसेंबर १८४९ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या अनुयायांपैकीं कांहींनीं पुढें १८६३ सालीं सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी संघटित केली. आपल्या पुण्यांतील स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच मंडळीची होय.

मिलर ह्यांची वजाबाकी बरोबर होती. चुकलें तें गृहीत. तो दिवस प्रभूनें पित्याच्या हातीं ठेविला आहे, आणि शिष्यांस तारीख नव्हे, तर काम नेमून दिलें आहे. धनी येईल तेव्हां नेमलेलें काम करीत असलेला चाकर धन्य ठरतो, असें शुभवर्तमानांत शिकविलें आहे. म्हणून आम्हांस वाटतें, बटाटे जमिनींत ठेवून वाट पाहण्यापेक्षां ते काढतां काढतां वाट पाहणें, हेंच खरें जागें राहणें होय.