कै. केरूनाना छत्रे

ज्युबिलीच्या ह्या अंकांत एका गणितज्ञाचें चरित्र कशासाठीं, असें कांहीं वाचकांस वाटेल. सातारा-सांगलीकडील आपल्या कुटुंबांतील एखादा मुलगा वा मुलगी विद्यापीठांत पदार्थविज्ञान व खगोलशास्त्र शिकूं म्हणते, तेव्हां वडील मंडळी आम्हांस दोन प्रश्न विचारतात. ह्या विद्येनें पोट भरेल काय? आणि श्रद्धा टिकेल काय? त्यांस उत्तर म्हणून आम्ही हें चरित्र सादर करीत आहों.

केरो लक्ष्मण छत्रे ह्यांचा जन्म १८२४ सालीं अलिबागेजवळील नागांव येथें झाला. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत प्रो. ऑर्लिबार ह्यांच्यापाशीं त्यांस गणित व ज्योतिःशास्त्र ह्यांची गोडी लागली. १८४० सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्याच गुरूंच्या शिफारशीनें ते कुलाब्याच्या वेधशाळेंत नोकरीस लागले. चुंबकसूचीचें चलन व हवेचे फेरफार नेमानें टिपून ठेवणें, हें तेथील काम. सुमारें दहा वर्षें त्यांनीं तें केलें. मुंबई विद्यापीठ स्थापन झालें १८५७ सालीं; अर्थात् पदवी घेण्याचा योग त्यांस आला नाहीं. तथापि १८५१ सालीं ते पुण्यास अध्यापक झाले, आणि पुढें डेक्कन कॉलेजांत गणित व सृष्टिशास्त्र शिकविण्याच्या पदास पोहोंचले. शाळांसाठीं त्यांनीं पदार्थविज्ञानावर मराठींत पुस्तकही लिहिलें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर एवढ्यांत आलें.

आतां दुसरा प्रश्न. त्या काळीं महाराष्ट्रांतील पंचांगें गणेश दैवज्ञांच्या १५२० सालच्या ग्रहलाघवावरून होत. ग्रंथ थोर, परंतु गणितांतील अल्प चूक तीन शतकें सांचत गेली म्हणजे पंचांगांतील ग्रह एकीकडे व आकाशांतील ग्रह दुसरीकडे, अशी स्थिति होते. नानांनीं युरोपांतील वेधांच्या आधारें ग्रहसाधनाचीं कोष्टकें रचून १८६० सालीं प्रसिद्ध केलीं, व आबासाहेब पटवर्धन ह्यांच्या साह्यानें दृक्प्रत्ययास उतरणारें पंचांग काढिलें. तेंच पटवर्धनी पंचांग होय. बहुजनसमाजानें तें स्वीकारलें नाहीं. परंतु लोकांस रुचावें म्हणून नानांनीं आपलें गणित बदललें नाहीं. सणावारांचा दिवस खरा असावा, हीच त्यांची तळमळ. आपल्या ख्रिस्तसभेंतही हेंच घडलें आहे. जुन्या कालगणनेंत दहा दिवसांची चूक सांचली, तेव्हां क्लाव्हियस ह्या येशूसंघीय गणितज्ञाच्या साह्यानें पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनीं १५८२ सालीं ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर धरविला. उपासनेच्या दिवसांसाठींच आकाशाकडे पाहावें लागलें.

नानांच्या हाताखालीं दोन विख्यात शिष्य शिकले. एक बाळ गंगाधर टिळक. दुसरे गोपाळ गणेश आगरकर, कऱ्हाडजवळील टेंभूचे. ज्या टेंभूच्या योजनेनें कृष्णेचें पाणी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागास मिळालें, तेंच हें गांव. गुरु एक, विद्या एक. परंतु टिळक धर्मपरंपरेचे अभिमानी राहिले, आणि आगरकर बुद्धिवादी झाले. आगरकरांचे धर्मविषयक विचार आम्हांस मान्य नाहींत, पण त्यांचा प्रामाणिकपणा वंद्य आहे. ह्यावरून दिसतें कीं, दुर्बीण श्रद्धा देतही नाहीं व हिरावूनही घेत नाहीं. श्रद्धेचें संगोपन घरांत व्हावें लागतें. तें आपण केलें नाहीं, तर दोष विद्यापीठास देऊं नये.

नाना १८७९ सालीं सेवानिवृत्त झाले व १८८४ सालीं वारले. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येऊं घातल्या; त्यांनीं चुंबकसूचीच्या वेधांत व्यत्यय येणार म्हणून तें काम १९०४ पासून अलिबागेस नेण्यांत आलें. तरुण नाना जी सूची कुलाब्यास न्याहाळीत, तिचे वेध अशा रीतीनें त्यांच्या जन्मगांवाशेजारीं घेतले जाऊं लागले.

तेव्हां, वडील मंडळींनो, मुलांस खुशाल जाऊं द्या. मात्र जातांना त्यांस प्रार्थनेची संवय आणि खरें टिपून ठेवण्याची संवय, ह्या दोन्ही शिदोऱ्या बांधून द्या.