ऑगस्ट क्रोग आणि प्राणवायूची वाट

शरीरक्रियाशास्त्र शिकविताना केशवाहिन्यांचा पाठ आला, की ऑगस्ट क्रोग यांचे चरित्र सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही. रक्तवाहिन्या म्हणजे घरातले नळ, ही विद्यार्थ्यांची समजूत मोडायला ते फार उपयोगी पडते.

डेन्मार्कमधील ग्रेनो या बंदराच्या गावी १५ नोव्हेंबर १८७४ रोजी क्रोग जन्मले. कोपनहेगन विद्यापीठात आधी वैद्यकाकडे गेले, पण मन रमले प्राणिशास्त्रात. तेथे गुरू लाभले क्रिश्चन बोर. अणूची रचना सांगणाऱ्या नील्स बोरांचे हे वडील. फुप्फुसाच्या पेशी प्राणवायू स्वतः ओढून रक्तात सोडतात, असे बोरांचे ठाम मत होते. क्रोग यांनी वायूंचे दाब मोजण्याची अतिशय नाजूक उपकरणे बनविली आणि पत्नी मारी यांच्यासह पुन्हा पुन्हा मोजणी केली. आकडे गुरूंच्या विरुद्ध जाऊ लागले! प्राणवायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपसूक पसरतो, एवढेच त्यातून निघत होते. गुरू हयात असतानाच, १९१० मध्ये, क्रोग यांनी या विषयावर सात निबंध प्रसिद्ध केले. त्यांत गुरूंविषयी आदर आहे. निष्कर्षात मात्र तडजोड नाही. मला या माणसाचे मोठेपण नोबेल पारितोषिकापेक्षा येथेच अधिक दिसते.

पुढचा प्रश्न स्नायूंचा. काम सुरू झाले की स्नायूची प्राणवायूची भूक कितीतरी पटींनी वाढते. ती भागते कशी? क्रोग यांनी हिशेब मांडला. त्यातले गणित एर्लांग या टेलिफोन कंपनीतल्या गणितज्ञाने सोडवून दिले. सगळ्या केशवाहिन्या सदैव उघड्या असत्या, तर विसावलेल्या स्नायूतही प्राणवायूचा दाब जवळजवळ रक्ताइतका असता. तसा तो आढळत नव्हता. म्हणजे बऱ्याच वाहिन्या मिटलेल्या असाव्यात. त्यांनी प्राण्यांच्या रक्तात काळी शाई सोडली, मग स्नायूंचे पातळ काप घेऊन शाई भरलेल्या वाहिन्या मोजल्या. विसावलेल्या स्नायूत त्या थोड्या, राबलेल्यात पुष्कळ! १९२० चे नोबेल पारितोषिक या कामाबद्दल एकट्या क्रोग यांना मिळाले.

पुढे यात दुरुस्ती झाली. विश्रांतीतही बहुतेक केशवाहिन्यांतून थोडेफार रक्त वाहते आणि प्रवाहाची सूत्रे मुख्यतः त्यांच्या अलीकडच्या बारीक रोहिण्यांकडे असतात, असे दिसून आले. पण गरज पाहून वाहिनी वागते, हे टिकले. प्राणवायू कमी पडला की वाहिनीच्या अस्तरातल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि भोवतीचा स्नायू सैलावतो. टंचाई लांबली, तर एरवी सतत नष्ट होणारे एचआयएफ हे प्रथिन पेशींत साठू लागते. ते जनुकांना जागे करते, व्हीईजीएफ नावाचे दुसरे प्रथिन पाझरते आणि अस्तरातली एखादी पेशी कोंबासारखी पुढे सरकून नवी केशवाहिनी फुटते. पेशींना प्राणवायूची ही टंचाई कळते कशी, हे शोधल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. फुप्फुसातल्या रोहिण्या मात्र उलट्या स्वभावाच्या. प्राणवायू घटला की त्या आकसतात, म्हणजे रक्त चांगली हवा असलेल्या भागाकडे वळते.

मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना मधुमेह होता. १९२२ मध्ये क्रोग अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेले, तेव्हा मारींच्याच आग्रहावरून ते टोरंटोला गेले. तेथून परवानगी आणून हागेडोर्न यांच्या साह्याने क्रोग यांनी डेन्मार्कमध्ये इन्शुलिन तयार करविले. मारी १९४३ पर्यंत जगल्या.

अखेरच्या वर्षांत क्रोग टोळांच्या उड्डाणाकडे वळले. टोळाच्या स्नायूंना प्राणवायू रक्तातून मिळतच नाही. हवा नेणाऱ्या बारीक नळ्या थेट स्नायूपर्यंत जातात. उडणारा टोळ किती प्राणवायू घेतो याविषयीचा त्यांचा निबंध १९५१ मध्ये छापून आला. १३ सप्टेंबर १९४९ रोजीच ते कोपनहेगनला वारले होते.