तंबोऱ्याचे वय आणि खाँसाहेब अब्दुल करीम

करमाळ्यात माझ्या आजोळी एक तंबोरा आहे. मामांनी तीन वर्षांपूर्वी त्याला नव्याने पॉलिश करून घेतले, त्यामुळे तो आता बोहल्यावरच्या नवरदेवासारखा चमकतो. तो खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या काळातला, अशी घरात पिढीजात समजूत आहे. आजी तर त्याला खाँसाहेबांचा हात लागला आहे असेच सांगायची. गेल्या दिवाळीत एका गृहस्थांनी, ही समजूत खरी निघाली तर चांगली किंमत देऊ, असे कळविले. घरात कॉलेजात जाणारा मीच, तेव्हा शोध घेण्याचे काम माझ्याकडे आले. खाँसाहेबांचा काळ म्हणजे नेमका कोणता, हे आधी कळायला हवे होते. म्हणून मी त्यांच्या चरित्रापासून सुरुवात केली.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा. गाव उत्तर प्रदेशातील कैराना. त्या गावावरूनच त्यांच्या गायकीला किराणा घराणे हे नाव मिळाले. आपल्याकडे पुष्कळांना हे नाव वाणसामानाच्या दुकानाशी जोडून गंमत करण्याची सवय आहे, म्हणून एवढे सांगितले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांना तालीम मिळाली. गाण्याबरोबर बीन, सारंगी, तबला यांवरही त्यांचा हात फिरलेला होता. तरुण वयात ते बडोद्यास गेले आणि सयाजीराव महाराजांच्या दरबारात गायक झाले. तेथेच सरदार माने यांची कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचे सूर जुळले. दरबारी गवई आणि सरदाराची मुलगी! एकोणिसावे शतक सरत आले असताना बडोद्यात हे खपणे शक्यच नव्हते. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि पुढे मिरज हे त्यांचे गाव झाले. १९०५ साली हिराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेचाच.

मिरज म्हणजे आधीच तंतुवाद्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारे घडविणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी तेथे सतार-तंबोरे घडविण्यास प्रारंभ केला. तलवारींचे दिवस संपले होते आणि हातात कसब होते. या वाद्यांना लागणारा कडू भोपळा मात्र आपल्या सोलापूर जिल्ह्यातला. पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भीमाकाठच्या भागातून तो मिरजेस जातो. करमाळ्याच्या कडेनेही हीच भीमा वाहते. तेव्हा खाँसाहेबांच्या मागे जो खर्ज घुमत असे, त्याच्या पोटात आपल्या नदीकाठची माती होती, असे मानायला मला आवडते.

खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीचीही चांगली जाण होती. तंबोऱ्याची जवारी काढणे म्हणजे घोडीचा पृष्ठभाग इतका नाजूक घासणे, की तारेखाली सुताचा दोरा योग्य जागी सरकवताच स्वर उमलावा. कानसेचा एक हात जास्त पडला तरी स्वर बसतो. त्यांचा कान किती सूक्ष्म होता, याची साक्ष संगीतशास्त्राच्या इतिहासातही आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमेंट्स हे बावीस श्रुतींची गणिते मांडीत होते, तेव्हा त्या श्रुती प्रत्यक्ष गळ्यातून काढून दाखविण्यास त्यांना खाँसाहेबांचा आधार मिळाला. देवलांचे पुस्तक १९१० साली निघाले.

१९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय निघाले. मिरजेची, दक्षिणेची वाट सुटली नाही. म्हैसूर दरबारने त्यांचा सन्मान केला आणि कर्नाटक संगीताच्या सहवासात त्यांची सरगम अधिक खुलली. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, हे त्यांचे थोर शिष्य. घरात मात्र १९२२ च्या सुमारास फाटले. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई झाल्या. नावे बदलली, पण हिराबाईंनी नुसता षड्ज लावला तरी जाणकार घराणे ओळखीत.

आता वयाचा प्रश्न. एका मित्राने मला विजेच्या बास गिटारीची माहिती दिली. अमेरिकेत लिओ फेंडरने १९५१ साली असा बास बाजारात आणला. जुना बास पुन्हा रंगविलेला असला तर जाणकार रंगाकडे पाहतच नाहीत. स्क्रू काढून मान सुटी करतात आणि तिच्या टाचेवरची तारीख वाचतात. आतल्या आवाज कमीजास्त करणाऱ्या भागावर कारखान्याचा क्रमांक, वर्ष आणि आठवडा आकड्यांत उमटवलेला असतो, तोही पाहतात. त्यातही डोळा ठेवावा लागतो. असा भाग मागाहून बदललेला असू शकतो. आणि मूळचा असला तरी तो एवढेच सांगतो, की वाद्य यापेक्षा जुने नाही.

आमच्या तंबोऱ्यावर आकडा नाही, चिठ्ठी नाही. तरी रीत तीच लावली. पॉलिशचा बोळा जेथे पोचत नाही तेथे पाहायचे. तो मिरजेस नेला आणि एका वृद्ध कारागिराने तारा उतरवून खुंट्या काढल्या. तीन खुंट्या काळवंडलेल्या, चौथी नवी. भोके झिजून लंबगोल झालेली. तारा अडकवण्याच्या पट्टीखाली जुन्या गडद लाल पॉलिशचा थर शाबूत होता. मण्यांपैकी दोन प्लास्टिकचे. उरलेल्या दोहोंच्या कापलेल्या टोकांवर भिंगातून एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसल्या, म्हणजे ते हस्तिदंती. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ साली आणि आफ्रिकेतून येणाऱ्याचा १९९१ साली कायद्याने बंद झाला. म्हणजे हे मणी त्याआधीचे असावेत. पण खाँसाहेब गेले १९३७ साली. मधली पन्नास वर्षे कोण भरून काढणार? शिवाय मणी एका तंबोऱ्याचा दुसऱ्याला सहज बसतो. तंबोरा जुना आहे, निदान दोनदा पॉलिश झालेला आहे, याहून अधिक सांगता येत नाही, असे मी त्या गृहस्थांना कळविले. हस्तिदंती मण्यांसह तो विकणे कायद्यातही बसत नाही, हे मामांना पटवायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या. आजीची गोष्ट खोटी ठरली असे मी म्हणत नाही. ती सिद्ध झाली नाही, इतकेच.

खाँसाहेबांचा शेवट मात्र तारखेसह ठाऊक आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात ते दक्षिणेत होते. मद्रासेहून पाँडिचेरीस जाताना रेल्वेत छातीत कळ आली. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा जुळविला आणि दरबारीच्या स्वरांत प्रार्थना करीत त्यांनी देह ठेवला, असे सांगतात. तो दिवस २७ ऑक्टोबर. देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. तेथे दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते आणि त्यासाठी लागणारे तंबोरे जवळच्याच सतारमेकर गल्लीतून येतात.